खालच्या सलूनमधलं गाणं

६ फेब्रुवारी

बाबा आज गायले. लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझा मलाच विश्वास बसायचा नाही.

झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून एक शब्द फुटलेला नाही. उजवा हात लुळा, ओठ एका बाजूला ओढलेला. काही हवं असलं की डाव्या हाताने पलंगाची कड वाजवतात. आज सकाळी ही त्यांना भरवत होती. आमच्या बरोबर खाली सलून आहे, तिथे दिवसभर रेडिओ चालू असतो. त्यावर बाबांचं, त्यांनी तरुणपणी रेकॉर्ड केलेलं गाणं लागलं. ‘थांब जरा, उजेड आहे अजून.’ बाबांनी घास तोंडात तसाच धरला, मान खिडकीकडे वळवली आणि गायला लागले. शब्दांसकट. आवाज फाटका, पण सूर जागेवर. हिच्या हातातला चमचा तसाच राहिला.

गाणं संपलं आणि पुन्हा मिटलं तोंड. मी म्हटलं, बाबा, मी कोण? नुसते बघत राहिले.

हिला रडू आलं. मलाही आलं असतं, पण घरात एकाने तरी डोकं ठिकाणावर ठेवायला हवं ना.

८ फेब्रुवारी

बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. आठवड्यातून एकदा येतात, फी घेताना हात आखडत नाहीत. त्यांना सांगितलं तर खुर्चीत सरसावूनच बसल्या. म्हणाल्या, असं होतं कधीकधी, बोलण्याची वाट बंद होते पण गाण्याची उघडी राहते. रोज गाऊ द्या. गाता गाता एखादा शब्द सुटून बाहेर येईल, मग दुसरा येईल. पण यात खंड पडता कामा नये, वाट एकदा बुजली की मग सांगता येत नाही.

मी लगेच मोबाइलवर तेच गाणं शोधून बाबांच्या कानाशी लावलं. म्हटलं, सलूनवाल्याच्या मेहरबानीवर कशाला राहायचं? बाबांनी ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा लावलं तर डोळे मिटून घेतले. मोबाइलचा आवाज किरटा येतो, दुसरं काय.

ही म्हणाली, तसं नाही हो, खालून येतं तेव्हा कोणीतरी ऐकत असतं. हिचं असलं काहीतरी असतंच.

१५ फेब्रुवारी

ऑफिसातला जुना सहकारी भेटला. (माझी सगळी हयात वसुली खात्यात गेली. लोक मला टाळायचे, त्याचा मला अभिमान आहे.) तो म्हणाला, अरे, तुझ्या वडिलांचं गाणं जिथे तिथे वाजतं, त्याचे पैसे येतात का? म्हटलं, कसले पैसे? तेव्हा कळलं. गाणं रेडिओवर लागलं, हॉटेलात, दुकानात वाजलं, तर वाजवणाऱ्याने पैसे भरायचे असतात आणि त्यात गाणाऱ्याचा, साथीदारांचाही वाटा असतो. कलाकारांचं एक मंडळ आहे, ते वसूल करतं आणि वाटतं. मात्र नाव नोंदवावं लागतं.

बाबांना त्या गाण्याचं एकदाच पाकीट मिळालं होतं. मी तेव्हा शाळेत होतो. त्यातून मला बूट आले, आईला काहीच आलं नाही. त्यानंतर इतकी वर्षं अख्खं जग ते गाणं वाजवतंय. लग्नात वाजतं, लिफ्टमध्ये वाजतं, दात काढायला गेलो तर तिथेही वाजतं. आणि बाबा? कुठे वाजलं की पोरासारखे खूश. म्हणायचे, ऐकलंस, अजून लावतात! अशा माणसाला जगाने लुबाडलं नाही तरच नवल.

हक्काचं आहे ते. मी सोडणार नाही.

३ मार्च

मंडळाने आज व्हिडिओवर ओळख पटवली. नियम असा की कलाकार हयात आहे आणि तोच तो आहे हे त्याने स्वतः बोलून दाखवायचं. मंडळाचे गृहस्थ पडद्यावर, बाबा उशीला टेकून. गृहस्थ म्हणाले, आजोबा, नाव सांगा. बाबा गप्प. मी सगळं समजावलं, डॉक्टरचा कागद दाखवला. गृहस्थ म्हणाले, समजतं हो, पण नियम आहे. नियम आहे म्हटल्यावर मी काय बोलणार? मीही आयुष्यभर तेच म्हणत आलो.

तेवढ्यात खाली गाणं लागलं. बाबांनी खिडकीकडे वळून पहिलं कडवं पूर्ण म्हटलं. पडद्यावरचे गृहस्थ चष्मा काढून बसले. म्हणाले, झालं, याहून मोठी ओळख काय असणार.

नंतर कळलं, ही मागच्या दाराने खाली गेली होती. सलूनवाल्याकडे गाणं पेनड्राइव्हवर आहे, ते त्याने हिच्या सांगण्यावरून लावलं. अशा वेळी हिचं डोकं बरं चालतं.

सलूनवाल्याला आम्ही वस्तरा म्हणतो, त्याला ते आवडतं. एक दिवसाआड वर येऊन बाबांची दाढी करून जातो. पैसे घेत नाही. म्हणतो, आजोबांच्या गाण्यावर माझं दुकान चालतं. फुकट कामाची सवय लागली की माणूस दुकानात बरकत आणत नाही, पण आपल्याला काय करायचंय?

१९ मार्च

शब्द सुटला! ही चादर बदलत होती, घाईत बाबांचा हात ओढला गेला. बाबा म्हणाले, “थांब.”

गाणं चालू नव्हतं. स्वतःहून म्हणाले. दुपारी पुन्हा म्हणाले. बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, सुरुवात झाली, आता गाणं चालू ठेवा, काहीही करून चालू ठेवा. मला फार आनंद झाला. एवढा की जिन्यात वस्तऱ्याला पाहून मी आपण होऊन हसलो. तो दचकला.

२ मे

पहिला हिशेब आला. ती रक्कम इथे लिहायची मला लाज वाटते. बाईंची एका दिवसाची फीसुद्धा निघणार नाही त्यातून.

मंडळाच्या गृहस्थांना फोन लावला आणि चांगलाच फैलावर घेतला. ते शांतपणे म्हणाले, काका, वाजतं पुष्कळ, पण पैसे परवाना घेतलेल्या जागांतूनच येतात. तुमच्या भागात परवाने जवळजवळ नाहीतच. सभासदांनी कळवलं तर आम्ही नोटिसा काढू. कळवणाऱ्याचं नाव बाहेर येत नाही.

म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार! गाणं माझ्या बापाचं आणि गिऱ्हाइकं खूश करणार हे.

७ मे

खूप दिवसांनी कामाला गेल्यासारखं वाटलं. सकाळपासून आमचा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पालथा घातला. चपलांचं दुकान, दातांचा दवाखाना, दोन्ही हॉटेलं, इस्त्रीवाला, गाड्या धुणारे, जिम. सगळीकडे गाणी. परवाना विचारला तर दात काढून हसतात. हॉटेलवाला म्हणाला, काका, गाणं काय हवेत असतं, त्याचा कसला परवाना? म्हटलं, कळेल लवकरच.

घरी येऊन बाबांच्या पलंगाशी बसून सगळं लिहून काढलं आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटी कोणासाठी करतोय मी हे? इस्त्रीवाला, हॉटेल वगैरे होईपर्यंत ते ऐकत होते. ‘सलून, तळमजला’ असं वाचलं तसं त्यांनी माझं मनगट धरलं. डाव्या हातात अजून जोर आहे.

“थांब,” म्हणाले. “थांब. थांब.”

मी म्हटलं, थांबलोय ना बाबा, कुठे जातोय? इथेच बसलोय तुमच्याजवळ. तरी सोडेनात, डोळ्यांत पाणी. शेवटी हिला हाक मारली, म्हटलं, यांना भांडं हवंय बहुतेक. ही भांडं घेऊन आली, पण त्यांना ते नको होतं. ही कागदाकडे बघत म्हणाली, “अहो, निदान खालचं नाव तरी गाळा.” म्हटलं, एकाला सूट दिली की वसुली मेली. तीस वर्षं हेच केलं मी, कुणाला सूट नाही, सख्ख्या मेव्हण्यालाही नाही. तिला हे माहीत आहे. तिचाच भाऊ तो.

कागद पाठवले. एकाच दिवसात बाबांनी तो शब्द तीनदा म्हटला. प्रगती आहे.

२८ मे

नोटिसा आल्या. वस्तरा आपली नोटीस हातात घेऊन माझ्याकडेच आला. तो म्हणाला, काका, तुम्ही वसुलीत होता, जरा वाचून सांगा, मला घाम फुटलाय. बसवून घेतला, चहा दिला आणि कलमं समजावून सांगितली. वर्षाचा परवाना, मागचा दंड, न भरल्यास पुढची कारवाई. शांतपणे ऐकून घेतलं त्याने. मग विचारलं,

“यातले पैसे आजोबांना मिळणार का?”

“सगळ्या कलाकारांना. त्यात बाबाही आले.”

“मग मी दर महिन्याला आजोबांच्याच हातात देतो की. जमेल तेवढे. ते मंडळ कशाला मधे?”

याला काय सांगणार? म्हटलं, असं चालत नाही, प्रत्येकाने असं केलं तर व्यवस्था कशी राहील? तो हो म्हणाला. दंड कसाबसा भरतो, परवान्याचं जमणार नाही, त्यापेक्षा रेडिओ बंद करतो म्हणाला. मी म्हटलं, तो तुझा निर्णय. जाताना बाबांची दाढी करून गेला. आज नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

जाताना दारात मला म्हणाला, कोणी केलं असेल हो हे? लोकांची जळते, मी म्हटलं.

११ जून

रस्त्यावर चिडीचूप. एकानेही परवाना घेतला नाही, सगळ्यांनी बटणं बंद केली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. दंड भरतील पण हक्काचे पैसे देणार नाहीत. मंडळाचे गृहस्थ म्हणाले, असं होतं सुरुवातीला, गाण्याशिवाय धंदा बसला की येतील रांगेत.

बाबा मान खिडकीकडे करून असतात. जेवणावरचं लक्ष उडालंय. हल्ली सुरू झालेल्या नव्या गोळ्यांनी तोंडाची चव गेली असणार. डॉक्टरला सांगायला हवं.

२० जून

बाबांसाठी चांगला भारीतला स्पीकर आणला. मंडळाचे पैसे आणि वर माझी भर. खिडकीत ठेवला, म्हणजे त्यांना वाटेल बाहेरूनच येतंय. मी काही एवढा बेअक्कल नाही. गाणं सुरू केलं. आवाज असा भरदार की भांडी थरथरली.

बाबांनी स्पीकर पाहिला, मला पाहिलं. एका हाताने एक कान झाकला. दुसरा हात उचलत नाही, म्हणून तो कान उशीत दाबला.

कानाचं काहीतरी बिघडलंय. तेही दाखवायला हवं. आजारपण एकटं कधी येतच नाही.

वस्तरा दाढीला येईनासा झालाय. म्हणून मीच केली. हनुवटीखाली दोनदा कापलं. हूं की चूं केलं नाही त्यांनी.

१४ जुलै

गोळ्या बदलल्याचा गुण आला! ही म्हणते, सकाळी अकराच्या सुमारास बाबा गुणगुणतात. मी त्या वेळी बँकेत नाहीतर मंडळात असतो, त्यामुळे मला ऐकायला मिळालं नव्हतं. खाणंही सुधारलंय. दाढी कोण करतं देव जाणे, गाल गुळगुळीत आहेत. ही म्हणाली, मी करते. म्हटलं, वा.

आज संध्याकाळी बाबांनी हिचं बोट धरून म्हटलं, “उजेड.” दिवा लावायचा होता. दुसरा शब्द! मी डॉक्टरला पेढे दिल्यासारखे आभार मानले फोनवर. बाई म्हणाल्या, हे गाण्याचंच काम आहे. प्रत्येकाला श्रेय हवं असतं.

२ ऑगस्ट

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार कुणाकडे करणार?

बँक बंद होती म्हणून लवकर परतलो. जिन्यात पाय ठेवला आणि गाणं कानावर आलं. सलूनचं दार लोटलेलं, आत वस्तरा, दोन गिऱ्हाइकं आणि आमची ही. रेडिओ कपाटात टॉवेलाखाली ठेवून बारीक आवाजात चालू. आणि वरून खिडकीतून बाबांचा आवाज. एक गिऱ्हाईक तोंडाला फेस लावलेलं, डोळे मिटून ऐकत होतं. गाणं संपल्यावर त्या दोघांनी वर बघून टाळ्या वाजवल्या. वर बाबा हसले. झटक्यानंतर त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मला पाहून सगळे उभे राहिले. मी कोणी खाटीक असल्यासारखे.

म्हणजे माझ्या पाठीमागे, माझ्याच घरातल्या माणसाच्या मदतीने, रोज चोरी. वस्तऱ्याला म्हटलं, तुला कायदा समजावून सांगितला होता ना मी?

“सांगितला होता,” तो म्हणाला. “आणि नोटीस कोणी आणली तेही काकूंनी सांगितलं. तरी लावतो. तुमच्यासाठी नाही लावत, काका.”

सगळं माहीत असून हा महिनाभर मला जिन्यात नमस्कार करत होता! एवढा ढोंगीपणा मी वसुलीतही पाहिला नाही.

घरी आल्यावर हिला विचारलं, कुणाच्या बाजूची आहेस तू? ती म्हणाली, बाबांच्या. म्हटलं, मग मी कुणाच्या बाजूचा आहे? ती उठून बाबांसाठी पाणी भरायला गेली.

३ ऑगस्ट

मंडळाला फोन केला. करावाच लागला. उद्या कोणी म्हणालं, सभासदाच्याच घराखाली विनापरवाना चालतं, तर बाबांचं नाव काढून टाकतील. माझ्या मनात कुणाबद्दल आकस नाही.

९ ऑगस्ट

माणसं आली, रेडिओ घेऊन गेली, पंचनामा झाला. दुकान आठवडाभर बंद. मी खिडकीतून पाहत होतो, बाबाही पाहत होते. वस्तरा पायरीवर बसला होता. त्याने वर पाहून बाबांना हात केला. बाबांनीही केला.

मग बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. इतका वेळ त्यांनी माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं, मी नापास झालो तेव्हाही नाही. मला वाटलं आता तिसरा शब्द येतो. मी वाकून कान त्यांच्या तोंडाशी नेला. ते काहीच बोलले नाहीत.

३० ऑगस्ट

शब्द गेले. ‘थांब’ नाही, ‘उजेड’ नाही, पलंगाची कडही वाजवत नाहीत. तहान लागली तरी कळत नाही. बाई म्हणाल्या, गाणं का थांबलं? म्हटलं, कायदेशीर अडचण आली. त्यांनी पिशवी उचलली आणि पुढच्या आठवड्यापासून यायची गरज नाही म्हणाल्या. फी मात्र आजची घेतली.

ही माझ्याशी कामापुरतं बोलते. मी एवढी धावपळ कुणासाठी करतोय, हे विचारावं असं तिला वाटत नाही. कधीकधी फार एकटं वाटतं.

१७ सप्टेंबर

बाबा गेले. पहाटे, झोपेत. मान खिडकीकडे होती.

१८ सप्टेंबर

सगळं नीट पार पडलं. न बोलावता वस्तरा पेटी घेऊन वर आला. गरम पाणी मागितलं, बाबांची दाढी केली, हनुवटीखाली मी कापल्याच्या खुणा होत्या त्यांवरून अगदी हलक्या हाताने गेला. मी पैसे पुढे केले. त्याने घेतले नाहीत, वरही पाहिलं नाही.

बाबांना नेताना सगळा रस्ता दुकानांच्या दारात उभा होता. हॉटेलवाला मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, काका, आज एकदा लावू का आजोबांचं गाणं? सगळ्यांनी मिळून ठरवलंय, पण भीती वाटते, पुन्हा नोटीस येईल. मला गहिवरून आलं. म्हटलं, भावना पोचल्या, पण परवाना घेऊनच लावा. बाबांना तेच आवडलं असतं.

एकानेही लावलं नाही. शेवटपर्यंत नुसते पायांचे आवाज. अशी शिस्त मी आमच्या रस्त्यावर पहिल्यांदा पाहिली.

५ ऑक्टोबर

मंडळाच्या गृहस्थांचा फोन आला, फार सौजन्याने बोलले. हक्क वारसाकडे येतो, अजून बरीच वर्षं चालू राहील. आणि एक चांगली बातमी: निधनाची बातमी आल्यावर रेडिओवर गाणं पुष्कळदा लागलं, त्यामुळे या वेळचा हिशेब बरा येईल. म्हटलं, बघा, बाबा जाता जाताही देऊन गेले. हिला सांगायला गेलो.

ही स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून भांडी पुसत होती. तोंडातल्या तोंडात बाबांचं गाणं म्हणत होती. माझी चाहूल लागली तशी गप्प झाली.

मी म्हटलं, “अगं, म्हण की. घरात म्हटलं तर परवाना लागत नाही.”

तिने भांडं पुसून फळीवर ठेवलं, दुसरं घेतलं. मी बराच वेळ दारात उभा राहिलो, पण तिने पुन्हा म्हटलं नाही.